हवालदाराच्या घरची गिनती

पलूसपासनं आत गेलं की कॅनॉलच्या कडेला एक वस्ती लागते. त्या वस्तीवर कुणी मोबाईलात गजर लावत नाही. पहाटे पाचला लालासाहेब हवालदाराची शिट्टी वाजते आणि तिच्यावर चार घरांची दुधं निघतात. कोंबडं एखादवेळेस चुकेल, हवालदार चुकायचा नाही, असं लोक म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असली तरी मान जास्त.

बावीस वर्षं पायदळात काढून लालासाहेब घरी आला तेव्हा त्यानं संगं एक पत्र्याची ट्रंक आणली आणि गिनती आणली. पलटणीत रोज सांजेला जवानांना रांगेत उभं करून मोजतात, रिपोर्ट घेतात. त्याला गिनती म्हणतात. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं ती अंगणात चालू केली. सात वाजले की पायरीखाली तिघं उभी. बायको चंद्राबाई, तेरा वर्षांचा वीरधवल आणि अकरा वर्षांची प्रियदर्शनी.

"रिपोर्ट?"

"सब ठीक," वीरधवल म्हणायचा.

"सब ठीक," प्रियदर्शनी म्हणायची.

चंद्राबाई पदरानं हात पुसत म्हणायची, "एक भाकरी करपली आन् काळी म्हस लाथ मारतीया. बाकी सब ठीक."

"तुझा रिपोर्ट कुणी मागितलाय?"

"मग हुबी कशाला करतासा? चूल सोडून आलीया मी."

लालासाहेब मिशीत हसू दाबायचा आणि गिनती मोडायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं. नऊ वर्षांत एकच खेप सोडली तर पोरांच्या तोंडून 'सब ठीक'शिवाय दुसरा शब्द आला नाही, आणि बापाला त्याचा लय अभिमान. वीरधवल एकोणिसाव्या वर्षी फौजेत लागला तेव्हा तर वस्तीनं कबूलच केलं की पोरं घडवावीत तर हवालदारानं. चहाच्या टपरीवर सयाजी म्हणाला, "माझं कार्टं महिनाभर तुझ्या अंगणात बांधतो गड्या. वैरण मी घालतो."

लाडानं पोर वाया जातं आणि धाकानं सरळ येतं, हे लालासाहेबाला उसाच्या सरीइतकं सरळ दिसत होतं.

आता पाळी प्रियदर्शनीची होती. वीस वर्षांची झाली, पोलीस भरतीचा फॉर्म भरला. ग्राउंड सांगलीला. पोरींना आठशे मीटर पळायचं, तीन मिनिटांच्या आत यायचं, त्याच्या पुढं गेलं की मार्क हातातनं सुटले. लालासाहेबानं कॅनॉलच्या रस्त्यावर चुन्यानं खुणा केल्या. पहाटे पळणं, मग गोळाफेक, मग अभ्यास, सांजेला परत पळणं. मोबाईल ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. दिवाळीत पोरगी दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांवर आली. त्या रात्री बाप दोन भाकरी जास्त जेवला.

त्याच सुमाराला वरच्या रानातला ऊस तुटून गेला आणि तिथं आप्पासोची मेंढरं बसली. आप्पासो जतकडचा धनगर. पाऊस सरला की तिकडचं रान वाळतं, मग तो बायकापोरांसकट मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो. मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य. दर सालचं ठरलेलं.

आप्पासोची धाकटी पोर सोनिया, दहा-अकरा वर्षांची. ती बापाला अरे-तुरे करायची, त्याच्या पटक्याचा झोका करायची, सांगितलेल्या कामावर दहा प्रश्न विचारायची. आप्पासो दहाचीही उत्तरं द्यायचा. लालासाहेबाला हे बघवायचं नाही.

"आप्पासो, पोरगी डोक्यावर बसलीय तुझ्या."

"बसू द्या की हवालदार. वजन कितीसं हाय तिचं."

"उद्या जड हुईल."

"उद्याला उतरंल."

असल्या माणसाशी काय बोलायचं. लालासाहेब मान हलवून निघून यायचा.

संक्रांत झाली आणि प्रियदर्शनीची वेळ बिघडली. तीन मिनिटं चार. मग तीन मिनिटं अकरा. लालासाहेबाच्या हिशेबानं याला एकच कारण असतं, आळस. त्यानं पहाटेच्या दोन फेऱ्या वाढवल्या. वेळ अजून घसरली. त्यानं अजून एक वाढवली. सांजेला गिनतीत विचारलं, "रिपोर्ट?"

"सब ठीक," ती समोर बघत म्हणाली.

चार दिवसांनी सकाळी तो पाण्याचं बघायला वरच्या रानात गेला. वाघरीच्या कडेला प्रियदर्शनी घोंगड्यावर बसलेली. एक पाय लांब केलेला, आणि आप्पासो तिच्या नडगीवरनं अंगठा फिरवत होता. अंगठा एका जागी आला तशी पोरगी कळवळली.

"काय चाललंय ह्ये?"

प्रियदर्शनी ताडकन उठली आणि उठताना तिचा पाय लटपटला. आप्पासो बसूनच म्हणाला, "हाडात हाय ह्ये हवालदार. माझ्या अंगठ्याचं काम न्हवं. फोटू काढाय पायजे. तीन आठवडं लंगडतीय पोरगी."

"तुला काय म्हाईत तीन आठवडं?"

"जन्म मेंढरामागं चालण्यात गेला. कोण कुठला पाय राखून टाकतंय ह्ये दिसतंयच की."

पलूसच्या डॉक्टरनं एक्सरे उजेडाला धरला आणि नखानं दाखवलं. नडगीच्या हाडाला बारीक चीर. सहा आठवडे पळणं बंद. ऐकलं नाही तर हाड मोडेल, मग ऑपरेशन, पट्टी, सळई सगळं आलं. लालासाहेबानं मनातल्या मनात दिवस मोजले. ग्राउंडला उरले होते पंचवीस.

घरी आल्यावर तो म्हणाला, "परक्या माणसाला सांगितलंस. बापाला न्हाई."

"तुमी कवा इचारलं?"

"रोज इचारतो. सात वाजता, न चुकता."

"तुमी रिपोर्ट मागता, आण्णा. इचारत न्हाई."

"फरक काय?"

ती खुर्चीच्या दांडीला धरून उभी होती. "विरूदादानं एकदा खरं सांगितलं हुतं. आठवतंय? शाळा बुडवून कुस्त्या बघाय गेलो हुतो म्हनाला. चौदा वर्सांचा हुता."

लालासाहेबाला आठवत होतं. चाळीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या त्यानं, घराभोवती, डोक्यावर भरली घागर देऊन. पोरगं शेवटी ओकलं होतं. त्यानंतर शाळेची तक्रार परत आली नाही, तेव्हा बापाला वाटलं औषध लागू पडलं.

"दादानं त्यानंतर बी शाळा बुडवली," प्रियदर्शनी म्हणाली. "धा येळा तरी. मला म्हाईत हुतं, आयला म्हाईत हुतं. फकस्त गिनतीला म्हाईत नव्हतं."

लालासाहेबानं चंद्राबाईकडं बघितलं. ती लसूण सोलत होती आणि सोलतच राहिली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. चार घरांची दुधं चुकली, डेअरीची गाडी मोकळी गेली, आणि हवालदार लय आजारी असल्याची बातमी सात वाजेपर्यंत वस्तीभर झाली. लालासाहेब आजारी नव्हता. त्यानं ट्रंक उघडली, मोबाईल पोरीच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजपासनं मोकळीक. तुझं तू बघ. मी कायबी इचारणार न्हाई."

पहिले दोन दिवस घर सैल पडल्यासारखं वाटलं. मग ते सैलपण अंगावर यायला लागलं. प्रियदर्शनी कधी उठली, जेवली का, डॉक्टरनं सांगितलेली गोळी घेतली का, बाप विचारत नव्हता. ती समोरून गेली की पेपर उलटवायचा. पोरगी एकदा पुढ्यात येऊन म्हणाली, "आण्णा, लेखीच्या क्लासला कुठं जाऊ?" तो म्हणाला, "तुला वाटंल तिकडं." ती वळून आत गेली.

आठव्या दिवशी चंद्राबाईनं चहाचा कप त्याच्या पुढ्यात आदळला.

"ह्याला मोकळीक म्हनत्यात व्हय? ह्यो रुसवा हाय. मोकळीक देणारा माणूस असं तोंड पाडून बसत न्हाई."

"तुमालाच धाक नको हुता. मग आता?"

"धाक नको हुता. बाप कवा नको म्हनलं?" ती म्हणाली. "आदी शिट्टी मारून कान फोडलं, आता मुकं हून बसलाय. मदलं कायतरी येतंय का न्हाई तुमाला?"

त्याला येत नव्हतं, म्हणून तो उठून वरच्या रानाकडं चालायला लागला.

दिवस कलला होता. आप्पासो वाघरीत मेंढरं घेत होता. लालासाहेब बांधावर बसला. तेवढ्यात सोनिया मागनं पळत आली. धापा टाकत म्हणाली, "आबा, एक कोकरू कमी हाय. मी झोपले हुते."

लालासाहेबाचा हात आपोआप मांडीवर ताठ झाला. आता पोरीच्या कानाखाली बसणार, असं त्याला वाटलं; आठ वर्षांमागं त्याच्या घरी बसली असती. आप्पासोनं वाघरीची गाठ मारली आणि विचारलं, "कवा बघितलंस शेवटचं?"

"बाभळीच्या हितं. दुपारी."

"किती येळ झोपलीस?"

"लय येळ."

"चल मग. उजेड हाय तवर."

"तूच जा की. मी दमलीया, पाय दुखत्यात."

"न्हाई. कोकरू तुझ्याकडं हुतं, हुडकायचं तू. मी संगं हाय."

पोरगी रडली, भुईवर बसली, बापाला नावं ठेवली. आप्पासो काठी टेकून उभा. रागावला नाही, जवळ घेतलं नाही, आणि तिच्याशिवाय एक पाऊल टाकलं नाही. शेवटी ती नाक ओढत उठली. अर्ध्या तासानं दोघं परत आली. कोकरू कॅनॉलच्या पाइपात अडकलं होतं. सोनियाच्या कोपराला खरचटलेलं, कोकरू तिच्याच खांद्यावर.

"मारलं न्हाईस?" लालासाहेबानं विचारलं.

"मारलं तर फुडल्या बारीला सांगंल व्हय? कोकरू मेल्यावर कळून काय करायचं?" आप्पासोनं तंबाखू मळायला घेतली. "तुमाला वाटंल माया. माया-बिया न्हाई, तोटा हाय तोटा. थोरल्या धनाजीला मी लय मारायचो. एक साल कुत्र्यांनी तीन मेंढ्या फाडल्या. मार बसंल म्हनून त्यानं दोन दिस सांगितलं न्हाई. तवर आनखी पाच गेल्या. आठ मेंढ्यांनी मला अक्कल दिली, हवालदार. स्वस्तात न्हाई मिळाली."

"आन् तुझ्या पोरीला कशाचाच धाक नको?"

"हाय की. दुसऱ्याच्या पिकात मेंढरू घातलं, तर त्याला माफी न्हाई. त्या घरी जाऊन तिनंच सांगायचं, आमच्या मेंढरानं खाल्लं म्हनून. जीव जातो तिचा. पर जावं लागतं." त्यानं तंबाखू गालात सोडली. "दहा गोष्टींना नगं म्हटलं की एक बी ऐकत न्हाईत. मी दोन-तीनच ठेवल्यात. त्या मातूर हलत न्हाईत."

लालासाहेब अंधार पडल्यावर बांधावरनं उठला. या माणसाला तो चार सालं सैल समजत आला होता.

सकाळी शिट्टी नसतानाही त्याला पाचला जाग आली. बाहेर आला तर कॅनॉलच्या रस्त्यावर कुणीतरी पळत होतं. पायाला घट्ट पट्टी बांधलेली, एका अंगाला झुकून. चुन्याच्या खुणेपाशी ती वळली. लालासाहेब उसाच्या आडोशाला थांबला. तुझं तू बघ, असं त्यानंच म्हटलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणं त्याच्या रक्तात नव्हतं. ती समोरून गेली. तिचे दात आवळलेले होते. पाऊल टेकलं की तोंडातनं बारीक आवाज येत होता. पहिल्या फेरीला तो तसाच उभा राहिला, आणि दुसऱ्या फेरीला ती आली तेव्हा रस्त्यात आडवा होता.

"थांब."

"सरा, आण्णा. सोळा दिस ऱ्हायल्यात."

"थांब म्हनलं."

"तुमीच म्हनला तुझं तू बघ."

"म्हनलो. चुकलं माझं. पर पळायचं न्हाई. डॉक्टर सोडंल तवर न्हाई. ह्यात बोलणं न्हाई."

मग ती बोलली. नऊ वर्षांचं बोलली. "फारम तुमी भरलं, येळ तुमी लावली. मी पळतीया ती सुदीक तुमच्यासाठी. तुमाला वर्दीतली पोरगी पायजे, लंगडी न्हाई. मग आता मोडायचं बी तुमीच ठरवणार?"

शिस्तीतला आवाज त्याच्या गळ्यापर्यंत आला. तो त्यानं तिथंच धरला आणि भरावावर बसून डाव्या पायातला बूट काढला. दोन बोटं नव्हती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बर्फानं नेली.

"ही कशानं गेली?"

"बर्फानं. आता ह्याचं काय?"

"बर्फानं न्हाई. वल्या मोज्यानं. दोन दिस मोजं वलं हुतं. साहेब रिपोर्ट घ्यायचा, मी म्हनायचो सब ठीक. वल्या मोज्यापायी चौकीवरनं खाली धाडलं तर पोरं हसतील, ह्ये भ्या. तिसऱ्या दिशी बोटं काळी झाली." त्यानं अंगठ्यानं त्या जागेवरची माती पुसली. "कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या आयला बी न्हाई. आन् घरी येऊन तुमाला तीच गिनती शिकवली."

प्रियदर्शनीनं त्या पायाकडं वाकून बघितलं. पाय दुखत होता म्हणून ती सुद्धा खाली बसली, थोडी लांब.

"पळायचं न्हाई, एवढं माझं," तो म्हणाला. "बाकी फुडल्या भरतीला जायचं का न्हाई, पोलिसात जायचं का आनखी कशात, ते तुझं. ह्या बारीला रुसून म्हनत न्हाई."

"आनि मी म्हनलं, मला न्हाईच जायचं, तर?"

त्यानं काढलेला बूट उचलून हातात धरला. "लय वाईट वाटंल. पर ते माझं मी बघीन."

पोरीनं त्याच्याकडं बघितलं, खरं बोलतोय का ते तपासल्यासारखं. मग म्हणाली, "बूट घाला. काटं हायत हितं."

सांगलीचं ग्राउंड तिच्याविना झालं. त्या दिवशी ती जेवली नाही, कुणी जबरदस्ती केली नाही, चंद्राबाईनं ताट मात्र झाकून ठेवलं. शिट्टी परत वाजायला लागली, कारण चार घरांनी येऊन भांडण केलं. अंगणातली रांग मोडली ती मोडलीच. आता सांजेला जेवताना बोलायचं. नियम दोन. सांगितल्याची शिक्षा नाही. आणि जे बिघडवलं ते ज्याचं त्यानं निस्तरायचं. पहिले तीन दिवस ताटावर फक्त भुरके ऐकू आले. चौथ्या दिवशी लालासाहेबच म्हणाला, "आज सोसायटीत सयाजीवर उगंच वरडलो. उद्या त्याच्या घरला जाऊन येतो."

"आज?" चंद्राबाई म्हणाली. "रोजच वरडतासा. रोज गेलासा तर त्यो चहा पाजून दिवाळं काढंल."

प्रियदर्शनी हसली, आणि मग घास हातात धरून म्हणाली, "परवा म्हशीची धार माझी हुती. इसरले. आयनं काढली."

लालासाहेबाच्या कपाळाची शीर उडाली. त्यानं आमटी ओतून घेतली. "मग उद्याची दोनी येळची तुझी."

"सकाळी क्लास हाय."

"मग चारला उठ."

ती कुरकुरली, पण चारला उठली.

पुढच्या भरतीचं काय, हे महिनाभर तिनं सांगितलं नाही. बापाच्या जिभेच्या टोकावर प्रश्न रोज यायचा, रोज तो भाकरीसंगं खाली जायचा. मेंढरं परत जतकडं निघाली त्या दिवशी तिनं स्वतःच फॉर्म भरला, आणि भरल्यावर सांगितलं.

डॉक्टरनं सोडल्यावर पहिल्या दिवशी ती शाळेच्या मैदानावर उतरली. लालासाहेब कडेला उभा. सहाशे मीटर पळायचं तिनं ठरवलं होतं. चारशेला तिनं हात वर केला, चालायला लागली आणि सरळ त्याच्यापाशी आली.

"कळ आली."

अजून एक फेरी होईल की, हे वाक्य त्याच्या दातापर्यंत आलं. "कुठं?" त्यानं विचारलं. "हाडात?"

"न्हाई. पोटरीत. आज बास. उद्या परत चारशे."

"बरं."

"आनि उद्यापासनं कडंला हुबं ऱ्हायचं न्हाई. संगं पळायचं. मी येळ लावते."

"माझं वय काय, पोरी?"

"म्हाईत हाय. म्हनून दोनच फेऱ्या."

दुसऱ्या दिवशी हवालदार पळाला. मैदानाच्या कठड्यावर सयाजी आणि आणखी दोघंतिघं चहा घेऊन बघायला बसले होते. पहिली फेरी त्यानं छाती काढून मारली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर गुडघ्यात चमक आली. कठड्यावरची माणसं बघत होती. तो आणखी दहा पावलं पळाला, आणि मग थांबून त्यानं हाक मारली.

"प्रियू, गुडघा दुखतोय माझा."

ती पुढनं मागं आली, वाकून गुडघ्याला हात लावून बघितला, दोनदा वाकवून सरळ करायला लावला.

"सुजला न्हाई," ती म्हणाली. "चालत या. पर फेरी पुरी करायची."